डांग्या खोकला ‘आपोआप जातो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आई-बाबांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर डांग्या खोकल्याबद्दलचा एक मेसेज पुन्हा पुन्हा येत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हा जुना, साधा आजार आहे, शंभर दिवसांत आपोआप जातो. स्वच्छता वाढल्यामुळे तो आता राहिलेलाच नाही. त्रिगुणी लसीने (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या) ताप येतो आणि मेंदूला इजा होते. लस घेतलेल्यांनाही तो होतोच. तेव्हा सुई टाळा, आणि खोकला झालाच तर गाढविणीचं दूध पाजा किंवा मध चाटवा. यातल्या दोन-तीन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणूनच तो लोकांना पटतो. त्याचे भोग मात्र दोन-तीन महिन्यांच्या बाळांच्या वाट्याला येतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘आपोआप जातो.’ शाळकरी पोराच्या बाबतीत बहुतेक वेळा जातो, हे खरं. बोर्डेटेला पर्टुसिस नावाचा जिवाणू श्वासनलिकेच्या आतल्या केसाळ पेशींना चिकटतो आणि त्याच्या विषाने त्या पेशी मरतात. कफ वर ढकलायचं काम त्यांचं. त्या नव्याने येईपर्यंत खोकून खोकूनच कफ काढावा लागतो. एका श्वासात दहा-पंधरा वेळा उबळ, जीभ बाहेर, डोळ्यांना पाणी, मग श्वास आत ओढताना तो लांब ‘हूप’ आवाज, आणि शेवटी उलटी. हे आठवडेच्या आठवडे चालतं.

तान्ह्या बाळात मात्र हे काहीच दिसत नाही, असंही होतं. दीड महिन्याच्या बाळाच्या अंगात इतकं खोकायची ताकदच नसते. थोडं नाक वाहतं, दूध ओढणं कमी होतं, आणि मग ते मध्येच श्वास घ्यायचं थांबतं. आवाज नाही, रडणं नाही, फक्त ओठांभोवती निळसर झाक. शेजारी झोपलेल्या आईलाही कळू नये इतकं शांत. काही बाळांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या वाढतात की फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या तुंबतात आणि व्हेंटिलेटरही पुरा पडत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने बऱ्या झालेल्या थोरल्या मुलाकडे पाहून आजाराला साधं ठरवलं. मृत्यू होतात ते मुख्यतः या धाकट्या बाळांचे.

‘स्वच्छतेमुळे संपला.’ हा जिवाणू खोकल्यातून, शिंकेतून, एका खोलीतल्या हवेतून पसरतो. संडास बांधून आणि पाणी उकळून कॉलरा अडतो, हा अडत नाही. पुरावा हवा तर जपान बघा. तिथे १९७४ मध्ये डांग्या खोकल्याचे ३९३ रुग्ण होते आणि मृत्यू एकही नव्हता. लसीनंतर दोन बाळं दगावल्याच्या बातम्यांनी घबराट पसरली, लसीकरण थांबवलं गेलं, आणि १९७६ पर्यंत जेमतेम १० टक्के बाळांना लस मिळत होती. १९७९ मध्ये १३,००० हून जास्त रुग्ण आणि ४१ मृत्यू. या पाच वर्षांत जपानी घरं काही अस्वच्छ झाली नव्हती. भारतात तर हा आजार संपलेलाच नाही. कोविडच्या आधीच्या वर्षांत आपल्या देशातून जागतिक आरोग्य संघटनेकडे दरवर्षी १०,००० हून अधिक रुग्णांची नोंद जात होती.

‘ताप येतो, मेंदूला इजा होते.’ या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. ताप येतो, मांडी सुजते, बाळ रात्रभर किरकिरतं, हे खरं आहे. सरकारी दवाखान्यातल्या पेंटाव्हॅलंट, म्हणजे त्रिगुणीसह पाच आजारांवरच्या लसीत मारलेला अख्खा जिवाणू असतो. या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचं विष असतं, आणि त्यानेच ताप चढतो. खासगी डॉक्टरांकडची ‘पेनलेस’ लस जिवाणूच्या मोजक्या प्रथिनांपासून बनवतात, म्हणून तिचा त्रास कमी. मात्र तिचं संरक्षणही लवकर ओसरतं, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पूर्वी पहिल्या तीन डोससाठी अख्ख्या जिवाणूचीच लस पसंत करत असे. तापाने क्वचित एखाद्या बाळाला झटका (आकडी) येऊ शकतो, तेही लपवायचं कारण नाही.

मेंदूच्या कायमच्या इजेचा आरोप १९७४ मध्ये लंडनमधल्या ३६ मुलांवरच्या एका लेखाने गाजला. ब्रिटनमध्ये लसीकरण सुमारे ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास घसरलं, आणि १९७८ पर्यंत एक लाखाहून जास्त रुग्ण आणि ३६ मृत्यू झाले. पुढे २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लसीमुळे मेंदू बिघडला असं मानल्या गेलेल्या १४ जणांची जनुकं तपासली. ११ जणांत द्रावे सिंड्रोम या अपस्माराच्या आजाराशी जोडलेला दोष सापडला. तापाने त्यांचा पहिला झटका पुढे आला असेल, पण आजार जनुकातलाच होता.

‘लस घेतलेल्यांनाही होतो.’ होतो. लसीचं संरक्षण काही वर्षांत कमी होतं, म्हणून तर दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर असतो. एकदा आजार होऊन गेला तरी आयुष्यभराचं संरक्षण मिळत नाही. पण दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस वेळेवर पडले, तर सगळ्यात धोक्याच्या काळात बाळ वाचतं. लसीचा पहिला हेतू तोच आहे. ‘सर्दी आहे, पुढच्या महिन्यात देऊ’ म्हणून डोस पुढे ढकलणं मला म्हणूनच सहन होत नाही.

आता दूध आणि मध. गाढवीण घेऊन गल्लोगल्ली फिरणारे चमचाभर दूध भरमसाट किमतीला विकतात, आणि आजी-आजोबा मायेपोटी ते घेतात. गुण आल्यासारखा वाटतो, कारण सगळे उपाय करून थकल्यावर, म्हणजे खोकला उतरणीला लागलेला असतानाच ते पाजलं जातं. सहा महिन्यांखालच्या बाळाला ते कच्चं दूध देणं म्हणजे नव्या संसर्गाला वाट करून देणं. मध त्याहून वाईट: वर्षाखालच्या बाळाला मधातून बॉट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते, त्यात स्नायू लुळे पडतात आणि श्वासही थांबू शकतो. डांग्या खोकल्यावर औषध आहे, अझिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक, डॉक्टरांच्या सल्ल्याने. उबळ सुरू झाल्यावर ते खोकला फारसा कमी करत नाही, पण रुग्णाकडून होणारा प्रसार थांबवतं. म्हणून घरात तान्हं बाळ असेल तर घरातल्या इतरांनाही डॉक्टर ते देतात.

पहिल्या डोसआधीच्या दीड महिन्याचं काय, हा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर आईच्या दंडात आहे. गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांवरची) लस घेतली की आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. ब्रिटनने २०१२ पासून हे सुरू केलं आहे. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात गर्भवतीला टीडी मिळते, तिच्यात धनुर्वात आणि घटसर्प यांचा भाग असतो, डांग्या खोकल्याचा नसतो. तेव्हा ‘गरोदरपणातली सुई झाली’ एवढ्यावर थांबू नका. कार्डावर टीडी लिहिलंय की टीडॅप ते बघा, आणि टीडी असेल तर सातव्या महिन्याच्या तपासणीलाच डॉक्टरांना टीडॅपबद्दल विचारा.