‘ड्रुइड कुणी खेळत नाही’ म्हणे! आधी तो तक्ता नीट बघा

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर (पात्र) घेऊन टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायची. माझी भाची आमच्या टेबलावर पहिल्यांदाच खेळायला बसणार आहे. तिचा ड्रुइड, म्हणजे प्राण्याचं रूप घेणारा जादूगार, ठरला होता. नाव, गाव, खांद्यावरचं मुंगूस, सगळं वहीत लिहून तयार. परवा मेसेज आला, "मावशी, मी फायटरच घेते. ड्रुइड मेलेला क्लास आहे म्हणे, कुणी खेळत नाही." (क्लास म्हणजे कॅरेक्टरचा पेशा, आणि फायटर म्हणजे साधा लढवय्या.) सोबत तो रंगीत तक्ता, जो सध्या डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांच्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. वर ठळक अक्षरांत ‘एक लाख खेळाडूंचा सर्व्हे’. खाली निष्कर्ष: फायटर सगळ्यात लोकप्रिय, म्हणून सगळ्यात ताकदवान, ड्रुइड कुणी घेत नाही, नवख्याने तर घेऊच नये, आणि बहुतेक लोक ‘ह्यूमन फायटर’ खेळतात, कारण खेळाडूंकडे कल्पनाशक्तीच उरलेली नाही.

हे आकडे आले कुठून, ते शोधायला फार खोदावं लागत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये फाइव्हथर्टीएट या अमेरिकी संकेतस्थळाने डी अँड डी बियाँड या साइटकडून, जिथे लोक या खेळाची कॅरेक्टरं बनवतात, आकडे मिळवले आणि कुठली रेस (कॅरेक्टरची जमात, जसं ह्यूमन म्हणजे माणूस) कुठल्या क्लासबरोबर किती वेळा निवडली जाते, हे दर लाख कॅरेक्टरांमागे मांडलं. मूळ मांडणी सरळ होती. तिची वाट लावली आहे ती या फॉरवर्डवाल्याने.

ड्रुइडचं बघू, कारण खरा राग त्याचा आहे. या तक्त्यात ड्रुइडचा खांब जमिनीला चिकटलाय आणि फायटरचा आभाळाला टेकलाय. डावीकडची रेघ वाचा. ती शून्यापासून सुरू होतच नाही, ६ टक्क्यांपासून होते! तळाचा सगळा भाग कापून टाकल्यावर ज्याचे साडेसहा टक्के आहेत तो बुटका दिसणारच. शून्यापासून काढा, फायटर ड्रुइडच्या साधारण दुप्पट भरतो. बस. त्या आकड्यांत बारा क्लास आहेत, सगळ्यांना सारखा वाटा मिळाला तरी प्रत्येकाला सव्वाआठ-साडेआठ टक्केच येतात. ड्रुइड शेवटचा आहे, हे खरं. पण बारा जणांत कुणीतरी शेवटचा असणारच.

आता ‘कुणी खेळत नाही’ म्हणजे किती, ते बघा. पाच खेळाडूंचं टेबल धरा आणि प्रत्येकाची ड्रुइड घेण्याची शक्यता साडेसहा टक्के धरा. पाचांपैकी एकानेही ड्रुइड न घेण्याची शक्यता येते साधारण ७१ टक्के. म्हणजे दर चार टेबलांमागे एकावर तरी ड्रुइड बसलेला आहे. प्रत्यक्षात पार्टीत (एका टेबलावरच्या चमूत) एकमेकांचं बघून क्लास निवडतात, त्यामुळे हिशेब थोडा इकडेतिकडे होईल. तरी ज्याला ‘मेलेला’ म्हणायचं तो चारातल्या एका टेबलावर अस्वल होऊन फिरतोय.

अस्वलावरून ताकदीचा मुद्दा. लोकप्रिय म्हणजे ताकदवान, हे लिहिणाऱ्याने २०१४ चं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे नियमांचं पुस्तक, उघडलंय का, शंका येते. सर्कल ऑफ द मून या सबक्लासचा (उपप्रकाराचा) ड्रुइड दुसऱ्याच लेव्हलला ब्राउन बेअर (तपकिरी अस्वल) होऊ शकतो. त्या अस्वलाचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, ३४. त्याच लेव्हलच्या, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) बरी असलेल्या फायटरचे सुमारे २०. अस्वलाचे ३४ संपले की ड्रुइड आपल्या मूळ हिट पॉइंटांवर परत येतो, आणि शॉर्ट रेस्टच्या (छोट्या विश्रांतीच्या) आधी आणखी एकदा अस्वल होऊ शकतो. डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, खुर्चीत बसून हे ज्याने भोगलंय तो ड्रुइडला दुबळा म्हणणार नाही. २०२४ च्या नव्या पुस्तकात हे आवरलंय. तिथे रूप बदलल्यावर अस्वलाच्या हिट पॉइंटांऐवजी टेंपररी (तात्पुरते) हिट पॉइंट मिळतात आणि सबक्लासच तिसऱ्या लेव्हलला येतो. आम्ही अजून जुन्याच नियमांवर आहोत.

मग ड्रुइड मागे का? एक कारण तक्त्यात कुठेच नाही: पैसे. डी अँड डी बियाँडवर फुकटच्या खात्यात प्रत्येक क्लासचा एकेकच सबक्लास मिळतो. फायटरला चॅम्पियन, ड्रुइडला सर्कल ऑफ द लँड. ज्या मून सर्कलसाठी लोक ड्रुइड होतात, ते विकत घ्यावं लागतं. त्यात हे आकडे ती साइट २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, त्याच्या पहिल्या महिन्याभरातले. नुकतीच चालू झालेली साइट, हात साफ करून बघणारी गर्दी. अशा वेळी फुकटात जो क्लास बऱ्यापैकी चालतो तोच लोक जास्त बनवणार. फॉरवर्डवाला मात्र तेच आकडे ‘आजचा ट्रेंड’ म्हणून खपवतोय.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. ड्रुइडमध्ये लिखापढी जास्त आहे. रोज सकाळी अख्ख्या यादीतून स्पेल (मंत्र) निवडायचे, शिवाय प्रत्येक प्राण्याचे आकडे जवळ ठेवायचे. नवख्या खेळाडूला हे जड जातं, आणि पहिल्या सेशनला तलवार घेऊन पुढे जाणं सोपं असतं. फायटरचा पहिला नंबरही खोटा नाही. डी अँड डी बियाँडने नंतर स्वतः जाहीर केलेल्या आकड्यांतही तो वरच आहे. पण ‘जरा तयारी करून ये’ आणि ‘घेऊच नको’ यांत फरक आहे की नाही? भाचीला मी चार प्राण्यांची कार्डं करून देणार आहे. काम संपलं.

‘बहुतेक लोक ह्यूमन फायटर’ यावर जास्त शाई घालवायची इच्छा नाही. ती जोडी पहिली आहे, पण लाखात पाच हजारांच्याही आत. म्हणजे शंभरातले पंचाण्णव जण दुसरंच काहीतरी बनवतात! बहुतेक या शब्दाचा एवढा अपमान निवडणुकीच्या भाषणांतही होत नाही. ह्यूमन सुमारे एक चतुर्थांश आणि फायटर तेरा टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे नुसत्या योगायोगानेही तीन-साडेतीन टक्के जोडी जमलीच असती. वरचा दीडेक टक्का काय तो लोकांचा कल. त्यावरून अख्ख्या जगाच्या कल्पनाशक्तीचा पंचनामा करायचा?

तक्त्याच्या मथळ्यात ‘टेबलटॉप रोलप्लेइंग’ असं भारदस्त लिहिलंय, तेही उगाच. जपानात जो खेळ डी अँड डीपेक्षा जास्त चालतो, त्या कॉल ऑफ क्थुलूमध्ये क्लासच नाहीत, व्यवसाय असतात. तिथला वार्ताहर आणि प्राध्यापक या खांबांत कुठे बसवणार?

राहिला ‘एक लाख खेळाडूंचा सर्व्हे’. कुणी कुणाला काही विचारलेलंच नाही. मोजली आहेत ती साइटवर बनलेली कॅरेक्टरं, तीही दर लाखामागे. फुकटच्या खात्यातही एकजण सहा कॅरेक्टरं ठेवू शकतो. त्यातली किती टेबलावर आली आणि किती नुसती बनवून सोडून दिली, हे या आकड्यांतून कळत नाही. आमच्या पार्टीत एकाला नव्या चिलखताचा हिशेब बघायचा असला की तो साइटवर नवा फायटर बनवतो आणि विसरून जातो. त्याचा खरा क्लेरिक (मंत्र टाकणारा पुजारी), जो आमच्याबरोबर सातव्या लेव्हलपर्यंत आलाय, तो पेन्सिलीने लिहिलेल्या शीटवर आहे. असल्या मोजणीत त्याचे फायटर धरले जातात, क्लेरिक नाही.