वाळू सगळे गाळून घेते का?

गेल्या मे महिन्यात मालवणजवळच्या देवबागला मामांकडे गेलो होतो, तेव्हा परसातल्या विहिरीपासून जेमतेम दोन माडांच्या अंतरावर नवा शोषखड्डा दिसला. पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्यावर संडासाची टाकी आणि तिच्यामागे हा खड्डा करावाच लागला होता. विहिरीच्या इतक्या जवळ कसा, असे विचारल्यावर मामा म्हणाले, "वाळू सगळां गाळून घेता रे." हेच वाक्य मी कॅलिफोर्नियात, घराजवळच्या लॉस ओसोस गावातल्या जुन्या रहिवाशांकडून इंग्रजीत ऐकले आहे.

लॉस ओसोस हे मोरो बेच्या खाडीकाठी, वाळूच्या जुन्या टेकड्यांवर वसलेले चौदा-पंधरा हजार वस्तीचे गाव आहे. त्याचे पिण्याचे पाणी पायाखालच्या भूजलातून येते, आणि २०१६ पर्यंत बहुतेक घरांचे सांडपाणीही सेप्टिक टाकीतून त्याच जमिनीत मुरत असे. वाळू गाळ अडवते, रोगजंतूही बऱ्याच अंशी अडवते. परंतु मलमूत्रातला नत्र हवा खेळणाऱ्या वाळूत शिरला की तिथले जिवाणू त्याचे नायट्रेट, म्हणजे पिण्याच्या पाण्यात वाढल्यास अपायकारक ठरणारा क्षार, करतात, आणि नायट्रेट मातीच्या कणांना चिकटून राहत नसल्यामुळे पाण्याबरोबर सरळ खाली उतरते.

भूजलात ते वाढल्याचे दिसल्यावर १९८३ मध्ये विभागीय जलमंडळाने या टाक्यांवर बंदी आणण्याचा ठराव केला, आणि १९८८ पासून ती लागू होऊन नवी घरे बांधणेही थांबले. प्रकल्प कुठे करायचा आणि पैसे कोणी भरायचे, यावर मात्र गाव दुभंगले. २००५ मध्ये गावाच्या मध्यावर काम सुरू झाले, तर थोड्याच आठवड्यांत मतदारांनी स्थानिक सेवा मंडळाच्या तीन संचालकांना पायउतार केले आणि काम बंद पडले. पुढच्या वर्षी मंडळाने दिवाळखोरी पत्करली व प्रकल्प काउंटीकडे, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडे, गेला. अखेर गावाबाहेर केंद्र उभे राहून २०१६ मध्ये चालू झाले, तोवर खर्च १७ कोटी डॉलरच्या पुढे गेला होता.

विरोध करणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला एवढ्या खर्चाची धास्ती वाटणे स्वाभाविक होते, आणि जागेबाबतचे त्यांचे म्हणणे शेवटी मान्यही झाले. मला सलते ते वेगळेच: वाद चालू असताना टाक्या चालूच होत्या, आणि नायट्रेट मुरतच होते.

देवबागची स्थिती याहून नाजूक आहे. एका बाजूला कर्ली नदी, दुसरीकडे समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्या पोटात पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गावाकडे या विषयावर बोलणे निघाले की एक बाजू शहरासारखी भुयारी गटारे मागते, तर दुसरी म्हणते की आपण शहर नाही, ज्याने त्याने आपली टाकी बांधली की झाले. पहिली मागणी इतक्या उथळ भूजलाच्या वाळूत फार महागात पडेल, म्हणून मला ती पटत नाही. दुसरी त्याहून धोक्याची वाटते, कारण ती मतदार यादीतली माणसे मोजते आणि मे महिन्यात किंवा नाताळात खोल्याखोल्यांतून उतरलेले पर्यटक विसरते. माझ्या मते न पाझरणारी टाकी आणि विहिरीपासून पुरेसे अंतर असल्याशिवाय पाहुण्यांच्या खोल्यांना परवानगी मिळू नये. टाक्या ठरलेल्या मुदतीत उपसल्या जाव्यात आणि उपसलेल्या मैल्यावर प्रक्रिया करणारी छोटी सोय तालुक्यात असावी. तिची जागा मात्र लोकांना आधी विचारून ठरवावी, हे मी लॉस ओसोसकडे पाहून शिकलो.

त्याहीआधी विहिरी तपासायला हव्यात. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि कॅलिफोर्नियातली मर्यादाही जवळपास तेवढीच आहे. मामांच्या विहिरीचे पाणी एकदा मे महिन्यात, गर्दी असताना, आणि एकदा पाऊस सरल्यावर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्यायचे, असे मामींशी बोलणे झाले आहे. वाडीतल्या बाकीच्या विहिरींचे आकडेही त्यासोबत यावेत आणि ते ग्रामसभेत सर्वांसमोर वाचले जावेत, अशी माझी गावाला विनंती आहे.