कस्टमला मामा बनवण्याचे शास्त्र

परदेशी वेबसाइटवर तोच हेडफोन इथल्यापेक्षा सात हजारांनी स्वस्त दिसला, की आधी कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये टाका आणि ड्रॉवरला कुलूप लावा. हिशेब मांडला की मोह मरतो. आणि तुमच्यासारख्यांचा मोह मेला, तर देशाचा महसूल कुठून यायचा?

घरात एखादा खवचट असतोच, तो हिशेब मागेल. त्याला थोपवायचे तर हिशेब आधी कळायला हवा. कर वस्तूच्या किमतीवर लागत नाही, किंमत अधिक वाहतूक अधिक विमा या बेरजेवर लागतो. वाहतूक आणि विमा बिलात नसेल आणि कळायला मार्ग नसेल, तर नियमाने किमतीच्या 20 टक्के वाहतुकीचे आणि 1.125 टक्के विम्याचे धरतात. म्हणजे 20,000 चा हेडफोन कस्टमच्या दारात येईपर्यंत 24,225 चा झालेला असतो, अजून कर लागायचाच आहे. खासगी वापराच्या पार्सलवर बेसिक ड्युटी, म्हणजे मूळ आयात शुल्क, 35 टक्के आणि आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, 28 टक्के असताना पुढचा हिशेब असा चाले: ड्युटी 8,479 रुपये, त्या ड्युटीवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार 848, मग या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी 9,394. एकूण कर 18,721, म्हणजे 77.28 टक्के. करावर अधिभार, अधिभारासकट करावर पुन्हा कर. चक्रवाढ व्याज शाळेत कशासाठी शिकवले होते, ते इथे उमगते. आता दर उतरलेत, पण करावर कर लागतोच. शिवाय तुम्ही बटण दाबले त्या दिवशीचा दर लागत नाही, माल इथे कस्टमपुढे कागदोपत्री मांडला जातो त्या दिवशीचा लागतो. तेव्हा जानेवारीच्या शेवटी ऑर्डर द्या. मधे अर्थसंकल्प आला की थोडी गंमत.

आता खरी विद्या. न्यू जर्सीतल्या भाच्याला सांगा, पार्सलवर 'गिफ्ट' लिही. मामाला भाच्याने भेट दिली, त्यात सरकारचा काय संबंध? संबंध एवढाच, की 12 डिसेंबर 2019 पासून टपालाने किंवा कुरिअरने 'भेट' म्हणून कर न भरता माल सोडवायला बंदी आहे. सूट दोनच गोष्टींना: जीवरक्षक औषधे आणि राखी. राखी म्हणजे फक्त राखी, राखीसोबतची भेटवस्तू नव्हे, हे अधिसूचनेत वेगळे लिहून ठेवले आहे. लिहिणाऱ्याला आपली माणसे चांगली ठाऊक असावीत. तरीही हेडफोनच्या खोक्याला राखी बांधून पाहायला हरकत नाही, अधिकाऱ्यालाही दुपारी विरंगुळा हवा असतो.

गिफ्ट जमले नाही तर किंमत पाडा. 299 डॉलरच्या वस्तूवर 15 डॉलर लिहून घ्या. अधिकाऱ्याकडे मोबाइल नाही, मॉडेल नंबर टाकून किंमत शोधणे त्याला जमत नाही, खोक्यावरचे छापील लेबल त्याला वाचता येत नाही, हे गृहीत धरा. त्याने कार्डाचे स्टेटमेंट मागितले तर ते पाठवून द्या, त्यावर 299 स्वच्छ दिसते. मूल्यांकन नियमावलीच्या 12 व्या नियमाने तो तुमचा आकडा बाजूला ठेवतो आणि तशाच मालाच्या किमतीवरून स्वतःचा ठरवतो. वर खोटी नोंद म्हणून माल जप्तीस पात्र, आणि सोडवायचा तर कर, दंड, जप्तीबद्दलची रक्कम असे तीन वेगवेगळे आकडे. याचा एक जोडफायदाही आहे: पार्सल वाटेत हरवले तर भरपाई 15 डॉलरच्या हिशेबानेच मिळते. तेवढ्यात एक चार्जिंग केबल येते.

'वापरलेली वस्तू' लिहिण्याची युक्ती त्याहून सरस. नवी असती तर कर भरून सुटली असती. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या आयातीला मात्र आधी परवानगी लागते, म्हणजे कराचा प्रश्नच मिटतो. ड्रोन सुटा करून मागवा असेही कोणी सुचवेल. फेब्रुवारी 2022 च्या बंदीत जोडलेला, अर्धवट जोडलेला आणि पूर्ण सुटा, तिन्ही आहेत.

पार्सल आले की कुरिअरवाले केवायसी मागतात. तो मेसेज फसवा समजून पुसून टाका. चारेक दिवसांनी 'मी कस्टम ऑफिसर बोलतोय, या नंबरवर यूपीआय करा' असा फोन येईल, तिथे मात्र ताबडतोब पैसे भरा. कस्टमच्या खऱ्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो सीबीआयसी या कस्टमच्या केंद्रीय मंडळाच्या वेबसाइटवर तपासता येतो, पण इतका वेळ कोणाला आहे? तोवर खरे पार्सल गोदामात पडून राहील आणि त्याचे भाडे चढत राहील. कुरिअर कंपनीने तुमच्या वतीने ड्युटी भरली, तर त्या सेवेचे शुल्क आणि शुल्कावर जीएसटी बिलात शेवटी सापडेल. टपालाने मागवले तर एवढे नखरे नसतात, मुंबईत बॅलार्ड पिअरच्या विदेश डाक भवनातून तपासून निघते आणि ड्युटी पोस्टमन दारात मागतो. म्हणून टपालाचा पर्याय निवडू नका.

पाचव्या महिन्यात हेडफोनचा डावा कान बंद पडेल. वॉरंटी तिकडची, तेव्हा साध्या पार्सलने पाठवून द्या. शिपिंग बिल, म्हणजे माल बाहेर पाठवल्याची कस्टमकडची नोंद, करू नका, त्यावर सीरियल नंबर तर मुळीच नोंदवू नका. ते केले असते, तर 2017 च्या 45 क्रमांकाच्या अधिसूचनेने दुरुस्त होऊन परत येताना फक्त दुरुस्तीचा खर्च आणि येण्याजाण्याची वाहतूक-विमा यांवरच कर लागला असता. कंपनी बहुधा दुरुस्त करणारच नाही, नवा नग पाठवेल. नवा नग म्हणजे तीच वस्तू नव्हे, त्यामुळे ती सवलत तशीही गेली. आणि कंपनी भाच्यासारखी समजूतदार नसते. ती पार्सलवर लिहील: वॉरंटीतील बदली नग, किंमत 299 डॉलर. पाच महिन्यांपूर्वी याच पत्त्यावर याच मॉडेलची नोंद 15 डॉलरची आहे.