प्रीमॅच्युअर बाळाला जेंटामायसिन ४८ तासांनी देतात, त्यात डोस चुकवलेला नसतो

परत तो मेसेज फिरतोय, की एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) जेंटामायसिन हे अँटिबायोटिक दिवसाआड देतात, मधला डोस गाळतात, म्हणून आईवडिलांनी अडून बसून रोजचा डोस मागून घ्यावा. मी एनआयसीयूत नर्स आहे, आणि कोणी खरंच असं अडून बसलं तर त्रास बाळालाच होईल म्हणून लिहितेय.

मधला डोस मुळात नसतोच. किडनीतले नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक चाळण्या, तयार व्हायचं काम गरोदरपणाच्या साधारण ३४-३६ आठवड्यांपर्यंत चालू असतं आणि समजा बाळ आलंय २९व्या आठवड्यात, त्यात जेंटा (जेंटामायसिन) जवळपास सगळं लघवीवाटेच बाहेर पडतं, मग किडनी हळू तर औषधही हळूच जाणार ना! म्हणून पहिल्या आठवड्यात अशा बाळाला बऱ्याच ठिकाणी ४८ तासांनी देतात, ३०-३४ आठवड्यांच्याला ३६ आणि दिवस भरलेल्याला २४. आधीचं उतरायच्या आत पुढचं दिलं तर ते किडनीत आणि कानाच्या आत साठतं, आणि गेलेलं ऐकू येणं सहसा परत येत नाही.

त्याच मेसेजमध्ये पुढे म्हणे "किलोमागे ५ मिलिग्राम हा ओव्हरडोस". अहो, एवढ्या लहान बाळाच्या वजनात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, जेंटा त्या पाण्यात पसरतं, डोस कमी केला तर पातळी चढतच नाही आणि जंतू मरत नाहीत, म्हणून एका वेळचा डोस पुरेसा आणि गॅप मोठा. १.२ किलोच्या बाळाला ६ मिलिग्राम बसतं. व्हायल असते एका एमएलला ४० मिलिग्रामची, त्यातलं १ एमएल घेऊन सलाईन घालून ४ एमएल करायचं आणि त्यातलं फक्त ०.६ एमएल द्यायचं, आणि हे आम्ही दोघी मिळून चेक करतो.

"मग अँपिसिलिन हे दुसरं अँटिबायोटिक दिवसातून दोनदा कसं?" कारण ते वेगळ्या पद्धतीने काम करतं, त्याची पातळी सतत टिकून राहावी लागते.

"लघवी होतेय म्हणजे किडनी ओके" हे तर अजिबात धरून चालू नका. लघवी झाली तरी किडनीचं रक्त गाळणं कमी असू शकतं, आणि किडनी कशी चालते ते बघायला रक्तात मोजतात ते क्रिएटिनिन पहिल्या दिवशी बरंचसं आईचंच असतं. बाळ जन्मताना गुदमरलेलं असेल किंवा हृदयाजवळची उघडी राहिलेली नळी बंद व्हायला आयबुप्रोफेन चालू असेल तर गॅप अजून वाढवावा लागतो. डॉक्टरांना विचारायचंच असेल तर पुढच्या डोसआधी जेंटाची ब्लड लेव्हल बघणार का आणि डिस्चार्जच्या आधी कानांची टेस्ट कधी, हे विचारा.