निशाणी शिट्टी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चेंबरला झाकण नव्हतं, म्हणून मी महापालिकेची निवडणूक लढवली. हे मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांनी मान डोलावली आणि मग विचारलं, "ते झालं हो, पण खरं कारण काय?"

खरं कारण तेच. झाकण 2015 च्या पावसाळ्यात गेलं. कुणी जाऊन पडू नये म्हणून आम्ही त्या भोकात झाडाची फांदी खोचली. फांदी दिसेना म्हणून तिला लाल फडकं बांधलं. गणपतीत मंडळाच्या पोरांनी तिला झिरमिळ्या लावल्या, तेव्हा मला कळलं की आता हे कायमचं होणार. मी अकरा अर्ज केले. बारावा द्यायला गेले तेव्हा खिडकीतले क्लार्क म्हणाले, "मॅडम, एवढी हौस आहे तर उभ्याच राहा ना निवडणुकीला."

त्या वेळी 21 फेब्रुवारी 2017 ला राज्यातल्या दहा महापालिकांचं मतदान होतं आणि आमचं शहर त्या दहांतलं. प्रभागातली 'ब' जागा सर्वसाधारण महिलेसाठी निघाली होती. मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा आमचे हे मेथी निवडत होते.

"कुठल्या पक्षाकडून?"

"अपक्ष."

"मग हरकत नाही," म्हणाले आणि पुढची जुडी घेतली.

मी तीस वर्षं आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. फॉर्म भरणं हा माझ्या दृष्टीनं किरकोळ प्रकार. पण हा फॉर्म ऑनलाइन भरायचा, मग छापायचा, मग सह्या करून, सूचक-अनुमोदक घेऊन नेऊन द्यायचा. सोबत थकबाकी नसल्याचा दाखला, पालिकेचा ठेका घेत नसल्याचं लिहून द्यायचं, मालमत्ता आणि गुन्हे यांचं शपथपत्र (माझ्याकडे दोन्ही बाबतींत दाखवण्यासारखं काही नव्हतं), आणि 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेलं नाही याचं निवेदन. नोटरीनं माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून विचारलं, "ताई, हेही करायचंय का?" म्हटलं, करा. कायदा सगळ्यांना सारखा.

सगळ्यांत मजा शौचालयाच्या दाखल्याची. उमेदवाराच्या घरी शौचालय असावं आणि तो ते वापरत असावा, अशी अट. ते तपासायला पालिकेचे निरीक्षक दुसऱ्याच दिवशी सकाळी हजर. दोन वर्षांत अकरा अर्जांना जे जमलं नव्हतं ते एका रात्रीत झालं: पालिकेचा माणूस आमच्या गल्लीत आला. त्यांनी शौचालय बघितलं, फ्लश ओढून बघितला, समाधान व्यक्त केलं, चहा घेतला. जाताना फांदीला वळसा घालून गेले. मी हाक मारून चेंबर दाखवलं, तर म्हणाले, "ते ड्रेनेजकडे येतं. आमचं घरातलं."

चिन्हासाठी मी कपबशी, पतंग, छत्री अशी पसंती दिली होती. तिन्ही गेली. मला मिळाली शिट्टी.

जिनं तीस वर्षं शिट्टी मारणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर काढलं, तिनं आता दारोदार जाऊन हात जोडून शिट्टी मागायची. नववीत ज्याला मी याच कारणासाठी घरी पाठवलं होतं, तो आता गॅरेज चालवतो. तो बातमी ऐकून धावत आला. "बाई, देव असतो," म्हणाला आणि त्या क्षणापासून माझा प्रचारप्रमुख झाला. पाच रुपयांची एक, अशा दोनशे शिट्ट्या त्यानं गल्लीतल्या पोरांना वाटल्या. पुढचे दहा दिवस दुपारी कुणाला डोळ्याला डोळा लागला नाही. माझी पाचपन्नास मतं तिथेच गेली असावीत.

आता चार जणांचा प्रभाग म्हणजे काय, ते ज्यांनी मुंबईबाहेर मत दिलंय त्यांना माहीत आहे. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक मतदारानं चार मतं द्यायची, आणि चौथं बटण दाबल्याशिवाय यंत्र काही आवाज करत नाही. 'अ'चा कागद पांढरा, माझा फिकट गुलाबी, पुढे पिवळा, निळा. पक्षांचं सोपं असतं, चारही ठिकाणी एकच निशाणी. अपक्ष बाईला मात्र प्रत्येक दारात एकच प्रश्न: "तुमचं पॅनेल कुठलं?" मी एकटीच, म्हटलं की लोक हळहळायचे. "मग बाकीची तीन मतं आम्ही काय करायची?" जणू मी त्यांना अर्धवट स्वयंपाक करून वाढत होते.

त्यात 'ड' जागेवर एका अपक्ष गृहस्थांना प्रेशर कुकर मिळाला होता. आमची आयुष्यात कधी भेट नाही, पण शिट्टी आणि कुकर हे एकच पॅनेल, असं अर्ध्या प्रभागानं ठरवून टाकलं. रेल्वेलाइनपलीकडच्या वस्तीत एका आजींनी मला बसवून घेतलं, सगळं ऐकलं आणि खात्री करून घेतली, "म्हंजी चार शिट्ट्या द्यायच्या न्हवं?"

"नाही आजी. मतं चार, शिट्टी एकच."

"एका शिट्टीत काय शिजतंय, बाय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

सोसायट्यांत वेगळी तऱ्हा. गेटवरचा वॉचमन वही पुढे करायचा, "कुणाकडे जायचंय?" सगळ्यांकडे, असं लिहायला वहीत रकाना नव्हता. कसंबसं वर पोचावं, तर दार उघडणारा माझ्या मागे वाकून बघायचा: "साहेब कुठायत?" 2011 पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण साहेब शोधायची सवय गेलेली नाही. फ्लेक्सवाल्या मुलानं डिझाइन दाखवलं त्यात खाली कोपऱ्यात नमस्कार करणारी मी, आणि वर, ढगांतून, गॉगल लावलेले आमचे हे. त्यांचा गॉगलमधला फोटो त्यानं कुठून पैदा केला देव जाणे. म्हटलं, उमेदवार मी आहे. तो म्हणाला, "मॅडम, महिला राखीवचं हेच डिझाइन असतं." ह्यांना मात्र ते आवडलं होतं.

आणि जाहीरनामा? "तुम्ही काय देणार?" कुणी विचारलं की मी सांगायची, झाकण. मग ते थोडा वेळ थांबायचे. पुढे काहीतरी येईल म्हणून.

रोजच्या खर्चाचा हिशोब मी पै-पैसा लिहून वेळेत दिला. तिथल्या साहेबांनी पानं उलटली. चहा, पत्रकं, रिक्षा, शिट्ट्या. "एवढाच? मॅडम, इतक्या कमी खर्चाचा संशय येतो हो." गणिताच्या बाईच्या बेरजेवर संशय! निकालापेक्षा हे मला जास्त लागलं.

निकाल 23 तारखेला लागला. मला 1,127 मतं. नोटाला 1,904. म्हणजे ज्यानं एक पत्रक छापलं नाही, एक जिना चढला नाही, ज्याला शौचालयाचा दाखला लागला नाही, त्यानं मला 777 मतांनी पाडलं. माझी अनामत गेली. प्रचारप्रमुख रडला. ह्यांनी त्या दिवशी बाहेरून श्रीखंड आणलं. सांत्वनासाठी की सुटकेसाठी, ते मी विचारलं नाही.

पण माझ्या पाच हजार पत्रकांवर माझा मोबाइल नंबर होता. आठवड्याभरात फोन सुरू झाले. "बाई, आमच्याकडे पाणी येत नाही." मी पडले हो, असं मी सांगायची. "ते माहितेय, पण उभ्या होत्या ना?" निवडून आलेल्यांचा फोन त्यांचा पीए उचलायचा. मी स्वतः उचलत होते. एवढ्या भांडवलावर मी आमच्या भागाची कायमची पडलेली नगरसेविका झाले.

पुढे 26 नोव्हेंबर 2018 ला सरकारनं परिपत्रक काढलं की स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 कुणालाही फायली बघता येतील, फुकट. हे वाचून मला जो आनंद झाला तो मंगळसूत्र झालं तेव्हाही झाला नव्हता. तेव्हापासून सोमवारी शिकवणी सहानंतर. दोन महिने चाळल्यावर आमच्या चेंबरची फाइल सापडली. त्यात माझ्या झाकणाचं बिल होतं. एकदा नाही, दोनदा. झाकणाचा फोटोही जोडलेला, आणि फोटोत मागे तुळशीवृंदावन. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानटपरी आहे.

मी फाइलमधल्या पानांच्या नकला अर्जाला जोडल्या. पाचव्या दिवशी झाकण बसलं. रस्त्यापेक्षा वीतभर उंच. पूर्वी खड्डा होता, आता उंचवटा आहे. ह्यांची स्कूटर पहिल्याच संध्याकाळी त्यावर आपटली. त्याचा अर्ज वेगळा चालू आहे. एकदा मी क्षेत्रसभेचंही विचारून बघितलं. 2009 पासून कायद्यात तरतूद आहे, मतदारांनी जमून आपल्या भागाचं ठरवायचं. समोरचे गृहस्थ म्हणाले, "क्षेत्र? म्हणजे देवस्थानचं का?"

मार्च 2022 मध्ये निवडून आलेल्यांची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि प्रशासक आले. रातोरात सगळे माजी झाले. मला काहीच झालं नाही. माजी व्हायला आधी आजी असावं लागतं. चौकातले 'भावी नगरसेवक' फ्लेक्सवरच म्हातारे झाले. माझा फोन वाजत राहिला.

शेवटी 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. मी उभी राहिले नाही. प्रचारप्रमुख नाराज आहे, त्याच्याकडे अजून चाळीस शिट्ट्या शिल्लक आहेत.

निकालानंतरच्या सोमवारी तीन वाजता मी रेकॉर्डला गेले. फायली काढून देणारे क्लार्क ओळखीचे वाटले. "एवढी हौस" म्हणालेले तेच. बदली होऊन इथे आलेत, रिटायरमेंटला वर्ष राहिलंय. त्यांनी फाइल दिली, पण गेले नाहीत. इकडेतिकडे बघितलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"मॅडम, एक काम होतं. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक चेंबर आहे. मी अर्ज केला तर बरं दिसत नाही. तुमच्या नावानं जर..."

मी पर्समधून कोरा कागद काढला आणि वर तारीख घातली.

"फांदी खोचलीय?"

"खोचलीय."

"फडकं?"

"तेवढं राहिलंय."