टेबल आहे हो, खरंच आहे

परत तो मेसेज आलाय. "विज्ञान सांगतं अणू ९९.९९ टक्के रिकामा, म्हणजे समोरचं टेबल नाहीच. शंकराचार्यांनी हेच सांगितलं, जग म्हणजे स्वप्न. सामान्य माणूस मात्र भाबडेपणाने सगळ्याला 'आहे' म्हणतो. जे नाहीच त्याचं दुःख कशाला?" खाली हात जोडलेले इमोजी. आमच्या फॅमिली ग्रुपवर हा वर्षातून दोनदा तरी येतो आणि दर वेळी अंगठे पडतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी विज्ञान. अणूच्या मानाने केंद्रक फारच चिमुकलं असतं हे रदरफोर्ड या शास्त्रज्ञामुळे १९११ पासून माहितीय, पण उरलेली जागा म्हणजे काही कुलूप लावलेली रिकामी खोली नाही, तिथे इलेक्ट्रॉन पसरलेले असतात आणि टेबलावर हात आपटला की तो आरपार जात नाही तो त्यांच्यामुळेच. म्हणजे टेबल कडक का लागतं ते विज्ञानाने सांगितलं आणि आपण त्यावरून टेबलच गायब केलं! सुझन स्टेबिंग नावाच्या इंग्लिश तत्त्वज्ञ बाईंनी १९३७ मध्येच हा घोळ पकडलाय. फळीला भरीव म्हणायचं नाही तर मग भरीव म्हणायचं कशाला, तो शब्द आपण शिकलो तोच असल्या वस्तूंवरून.

आता शंकराचार्य, आणि इथे मला खरंच राग येतो, कारण त्यांनी नेमकं याच्या उलट लिहिलंय. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांत "नाभाव उपलब्धेः" असं एक सूत्र आहे (२.२.२८), म्हणजे बाहेरच्या वस्तू नाहीत असं म्हणता येणार नाही, कारण त्या अनुभवाला येतात. त्यावरच्या भाष्यात आचार्य विज्ञानवादी बौद्धांना (सायन्सवाले नव्हे, बाहेर वस्तू नाहीत, फक्त जाणीव आहे असं मानणारे) म्हणतात की तुमचं बोलणं म्हणजे जेवतोय, तृप्ती स्वतःला जाणवतेय, आणि तोंडाने म्हणतोय मी जेवत नाहीये नि तृप्तही होत नाहीये. लगेच पुढच्या सूत्रात, जागेपणीचा अनुभव स्वप्नासारखा नाही, कारण स्वप्न जाग आल्यावर खोटं पडतं. मग आचार्य जगाला मिथ्या म्हणतात ते काय? असण्याच्याच पातळ्या आहेत: दोरीवर दिसलेला साप एका पातळीवरचा, रोजच्या व्यवहारातलं मडकं दुसऱ्या, ब्रह्म तिसऱ्या. सशाचं शिंग यात कुठेच बसत नाही, ते नाहीच. फॉरवर्डवाल्यांनी अख्खं जग सशाच्या शिंगाच्या रांगेत नेऊन बसवलंय.

राहिला भाबडा सामान्य माणूस. लहानपणी लँडलाइनवर कुणी विचारलं "बाबा आहेत का?" की मी "नाहीत" म्हणून मोकळा व्हायचो, आणि आई ओल्या हातांनी धावत यायची, "अरे नुसतं नाहीत काय म्हणतोस, बाहेर गेलेत म्हण!" एका 'नाहीत'चे दोन अर्थ होतात आणि त्यातला एक भलताच होतो हे तिला कुठलंही दर्शन न वाचता कळत होतं. आजी तर साखरेचा डबा उलटा धरून बुडावर थाप मारायची, दोन दाणे पडायचे, आणि म्हणायची "साखर वाढलीय". शब्द साफ उलटा, तरी मी पिशवी घेऊन दुकानातच जायचो. न्याय-वैशेषिक या जुन्या तर्कशास्त्री दर्शनवाल्यांनी तर 'नाही'चेही चार प्रकार केलेत. मडकं घडायच्या आधी नसतं ते एक, फुटल्यावर नसतं ते दुसरं, वाऱ्याला रंग कधीच नसतो ते तिसरं, आणि मडकं म्हणजे कापड नव्हे ते चौथं. म्हणजे घरात बोलतात तसंच, फक्त नावं जड.

आणि ते शेवटचं, दुःख कशाला. गेल्या महिन्यात एकाचे वडील गेले आणि त्याने टाकलेल्या बातमीखाली कुणीतरी हाच मेसेज चिकटवला. फुटलेलं मडकं आणि सशाचं शिंग यात फरक आहे हो, वडील होते म्हणून तर तो रडतोय. तिथे 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहायचं, जमलं तर डबा घेऊन घरी जाऊन यायचं, आणि फॉरवर्डचं बटण तेवढ्यापुरतं नाही असं समजायचं.