‘सुपरव्हायझर म्हणजे नुसता मॅनेजर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, ‘स्टार ट्रेक’ मालिकेचे इफेक्ट्स सुपरव्हायझर डॅन करी आणि रॉब लेगाटो यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की टीव्हीचा व्हीएफएक्स (व्हिज्युअल इफेक्ट्स) सुपरव्हायझर म्हणजे नुसता मॅनेजर, खरं काम रात्र रात्र जागणारी आर्टिस्ट पोरं करतात, आणि सिनेमात ज्यांचं काही जमत नाही ते टीव्हीत जातात, शिवाय ते जुने इफेक्ट्स आज बघवत नाहीत.

आर्टिस्टबद्दलचा तुमचा राग मला शंभर टक्के पटतो. मी स्वतः मुंबईत रोटो (चित्रातली माणसं-वस्तू कडेने कापून वेगळी करायचं काम) करत या लाईनमध्ये आलोय, वाऱ्यावर उडणारे केस फ्रेम बाय फ्रेम कापत बसणं काय असतं ते मला माहितीये, आणि एवढं करून शेवटी क्रेडिट्समध्ये नाव नसणं हा अन्यायच आहे. पण तेवढ्यासाठी सुपरव्हायझरला बिनकामाचा ठरवू नका ना.

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अंतराळातल्या अमेरिकन मालिकेचंच बघा. १९८७ ते १९९४, सात सीझन, बहुतेक सीझनला २६ एपिसोड, आणि सुरुवातीची काही वर्षं इफेक्ट्सची जबाबदारी करी आणि लेगाटो आलटून पालटून घ्यायचे. तेव्हा अंतराळातलं जहाज म्हणजे खरंखुरं मॉडेल, ते स्टँडवर स्थिर, आणि कॅमेरा रुळावरून त्याच्याजवळून जाणार. कॅमेऱ्याची ती हालचाल कॉम्प्युटरमध्ये साठवलेली असते, म्हणून तीच मूव्ह हुबेहूब परत परत करता येते, एकदा जहाजाच्या अंगावरचा उजेड घ्यायचा, मग सगळं अंधारात ठेवून फक्त खिडक्यांचे दिवे, मग इंजिनाची चमक, मग मॅट (जहाजाचा नुसता आकार, थर जोडताना मागचं चित्र झाकायला), आणि नंतर हे सगळे थर एकमेकांवर बसवायचे. आता सांगा, ग्रहावर ऊन डावीकडून पडतंय आणि जहाज उजवीकडून लाईट केलं असेल तर कंपोझिटिंगला, म्हणजे थर जोडायला, बसलेला बिचारा काय करणार? तो निर्णय शूटच्या आधी कुणीतरी घ्यावा लागतो, तोही पुढच्या एपिसोडची तारीख डोक्यावर असताना. तो माणूस म्हणजे सुपरव्हायझर. सेटवर नटाने नसलेल्या राक्षसाकडे बघताना नजर नेमकी कुठे ठेवायची हेही त्यालाच बघावं लागतं, कारण ती चुकली की पोस्टमध्ये कितीही पैसे ओता, शॉट खोटाच दिसतो.

आणि मॅनेजर म्हणताय तर हे ऐका. त्या मालिकेतला ट्रान्सपोर्टरचा, म्हणजे माणसाला एका जागेवरून गायब करून दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्राचा, चमचमाट कसा केला माहितीये? पाण्यात ग्लिटर टाकून जोरात ढवळलं, त्यावर प्रखर लाईट मारला आणि ते चकाकणारे कण फिरत फिरत खाली बसताना शूट केले, बस. मालिकेतल्या क्लिंगॉन नावाच्या परग्रहावरच्या लढवय्या लोकांची ती वाकडी दुहेरी तलवार, बॅटलेथ, ती डॅन करीने डिझाईन केली, तो तरुणपणी पीस कोअर या अमेरिकन स्वयंसेवक संस्थेतून थायलंडला राहिलेला, आशियातल्या मार्शल आर्ट्स शिकलेला, म्हणून ती हातात कशी धरायची, कशी फिरवायची याचाही विचार त्याने केलेला. व्हीएफएक्सवाल्याने हत्यार का बनवावं असं कुणी म्हणेल, पण टीव्हीत असंच असतं, ज्याला येतं तो करतो.

राहिला ‘सिनेमात न जमलेले’ हा मुद्दा, तर लेगाटो टीव्हीतूनच पुढे गेला. त्यानंतर ‘टायटॅनिक’, ‘ह्यूगो’ आणि ‘द जंगल बुक’ अशा तीन सिनेमांसाठी त्याला इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. कमी वेळात, कमी पैशात शॉट उभा करायची सवय त्याला टीव्हीतच लागली असं माझं ठाम मत आहे.

आणि ते जुने इफेक्ट्स बघवत नाहीत म्हणता, तर तुम्ही बहुतेक जुनी व्हिडिओ कॉपी बघितली असेल. मॉडेल ३५ एमएम फिल्मवर शूट व्हायचं पण जोडकाम व्हायचं व्हिडिओटेपवर, त्यामुळे चित्र भुरकट दिसायचं. २०१२ पासून ब्लू-रेसाठी मूळ निगेटिव्ह बाहेर काढली आणि एकेक थर नव्याने जोडला, तेव्हा काही शॉट कॉम्प्युटरवर करावे लागले खरे, पण बहुतेक ठिकाणी मॉडेलचं तेच जुनं फुटेज चाललं. ती आवृत्ती मिळवून बघा आणि मग इथेच परत लिहा, मी नक्की वाचेन.